पिशवीचा आवाज

प्लॅस्टिकची पिशवी पहाटे पाच वाजता किती मोठ्यानं बोलते, हे मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी लिस्बनमध्ये कळलं.

भाची नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला नोकरी करते. तिच्याकडे गेले होते, तर म्हणाली, "मावशी, शुक्रवार ते सोमवार लिस्बनला जाऊन येऊ. हॉटेलं परवडत नाहीत, पण एक हॉस्टेल बघितलंय, तुला आवडेल." हॉस्टेल म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर रेक्टरबाई, मेसची आमटी आणि आठच्या ठोक्याला बंद होणारं फाटक आलं. भाचीनं फोटो दाखवले. झोपाळा, कुंड्या, भिंतभर रंगवलेला एक मासा.

"आणि आपली खोली?"

"आहे ना. सहा जणींत."

एका कॉटचे रात्रीला ३० युरो, वर शहराचा पर्यटक-कर माणशी ४. एवढ्या पैशात पुण्यात मला अख्खी खोली मिळेल, असं मी म्हटलं. भाचीनं नुसतं बघितलं.

हॉस्टेल गावाच्या मध्यावर, बायशा भागातल्या एका जुन्या इमारतीत होतं. जिन्याच्या भिंतीला निळ्या-पांढऱ्या फरशा, आत बैठकीच्या खोलीत नागडे बल्ब लोंबत सोडलेले, माल वाहायच्या लाकडी फळकुटांची टेबलं आणि एका भिंतीच्या विटा मुद्दाम उघड्या ठेवलेल्या. आमच्याकडे गिलावा राहून गेला तर लोक वास्तुशांत पुढे ढकलतात. इथे त्या भिंतीपुढे उभं राहून मुली एकमेकींचे फोटो काढत होत्या.

कॉटला मात्र नावं ठेवायला जागा नव्हती. प्रत्येकीला जाड पडदा, फक्त पुस्तकावर पडेल एवढाच उजेड देणारा दिवा, उशाशी मोबाइलचं चार्जिंग, टॉवेलला हूक आणि चष्मा मावेल एवढी फळी. ती फळी बघून मी विरघळलेच. स्लीपरच्या डब्यात चाळिशीनंतरचा अर्धा जन्म चष्मा कुठे ठेवायचा या काळजीत गेलाय. ज्यानं कुणी ही कॉट आखली, तो स्वतः अशा कॉटवर झोपलेला असणार आणि त्याला नंबर असणार.

सामानाला लोखंडी कपाट होतं, कुलूप ज्याचं त्यानं आणायचं. मी घरून पितळी आणलं होतं, मुठीएवढं. त्याची कडी त्या कपाटाच्या भोकात शिरेना. शेवटी खालून इवलंसं कुलूप विकत घेतलं. काउंटरवरच्या मुलीनं त्याची किल्ली दोन बोटांत धरून दाखवली आणि म्हणाली, "शाव." मी म्हटलं, "चावी." तिला वाटलं, मी उच्चार चुकतेय, तिनं पुन्हा सावकाश "शाव" म्हणून दाखवलं. मग त्यांच्या पोर्तुगीजशी जुळणारे आमचे शब्द मी सुरूच केले. साबण, बटाटा, पाव, बालदी, मेस्त्री, पगार. तिला अर्धेअधिक कळले. पगारावर ती जरा जास्तच हसली. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, पोर्तुगीज गेले, जाताना चावी मात्र आमच्याकडेच ठेवून गेले.

पहिल्या रात्री झोप लागली नाही. कुणीतरी दात खात होतं. कुणाच्या तरी फोनवर दर दहा मिनिटांनी टिंग. आणि जमीन! सगळी लाकडी. कुणी बाथरूमला निघालं की आधी त्या खोलीतल्या पाच जणींना कळायचं. सकाळी मी तक्रारीच्या सुरात भाचीला सांगितलं, तर तिनं मलाच इतिहास ऐकवला. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणादिवशी, चर्चं भरलेली असताना इथे मोठा भूकंप झाला. मागून समुद्र आत आला, मग आग. राजाचा मंत्री मार्केस द पोंबाल यानं हा भाग नव्यानं बांधून घेतला, तेव्हा भिंतींच्या पोटात लाकडी चौकटी घातल्या, आत फुल्यांसारख्या तिरक्या पट्ट्या. त्याला गायोला म्हणतात, म्हणजे पिंजरा. हादरा बसला तरी लाकूड लवावं, इमारत उभी राहावी. नमुना उभारून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवून तो तपासला होता म्हणे. हे ऐकल्यावर करकरीचा राग कमी झाला. भूकंपाशी झटायला बांधलेलं घर माझ्या झोपेसाठी गप्प कसं बसणार?

आणि मग दुसऱ्या दिवशीची पहाट. मला थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यावी लागते. परदेशात काय नि घरी काय, पाचला जाग येतेच. गोळ्या एका पिशवीत. ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. तिला गाठ. आणि ती बॅगेच्या तळाशी, चिवड्याच्या पिशवीखाली. आपण बॅग भरतो म्हणजे पिशव्यांत पिशव्याच भरतो. मी हळू हात घातला. चुर्र. थांबले. पुन्हा हळू. चुर्रर्र. जितकं हळू करावं, तितका आवाज लांबत गेला. गाठ सुटेना, दातानं सोडवली. वरच्या कॉटवरची मुलगी कुशीवर वळली. समोरचा पडदा दोन बोटं सरकला आणि परत मिटला. कुणी चकार शब्द काढला नाही, हे फार लागलं. घरी असतं तर ह्यांनी "काय चाललंय काय?" म्हणून ओरडून विषय संपवला असता.

तेवढ्यात लक्षात आलं, काल रात्रभर मी ज्यांच्या नावानं बोटं मोडली, त्या पाच जणी मिळूनही एवढ्या वाजल्या नव्हत्या.

या असल्या हॉस्टेलांचं मूळ एका जर्मन शाळामास्तरात आहे. रिशार्ड शिरमान त्यांचं नाव. १९०९ मध्ये पोरांना घेऊन पायी सहलीला निघाले, वादळानं गाठलं, आणि सगळ्यांनी एका गावातल्या शाळेत पेंढ्यावर रात्र काढली. सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, मग मुलांना झोपायला का देऊ नयेत, ही कल्पना त्यांना तिथे सुचली. १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात त्यांचं वसतिगृह सुरू झालं. मला आपलं वाटत राहिलं, पेंढाही काही कमी वाजत नसणार. त्या रात्री मास्तर टक्क जागे असणार, म्हणून तर विचार करायला वेळ मिळाला.

बाकी लिस्बन पाहिलं. अठ्ठावीस नंबरच्या ट्राममध्ये लोंबकळलो, बेलें भागात रांगेत उभं राहून कस्टर्ड भरलेल्या गरम पेस्ट्रीच्या वाट्या खाल्ल्या, वास्को द गामाची कबर बघितली. पण माझं अर्धं चित्त पिशव्यांत. रविवारी रात्री गोळ्या उशाच्या फळीवर चष्म्याशेजारी ठेवल्या. सगळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या खालच्या मजल्यावर नेऊन टाकल्या. उरलेला चिवडा ओढणीच्या टोकात बांधला. सुती कापड जराही वाजत नाही. आजी उगाच सगळं पुरचुंडीत बांधत नव्हती.

विमान सकाळी सहाचं. साडेतीनला चपला हातात घेऊन निघाले. कुठली फळी करकरते ते तीन दिवसांत पाठ झालं होतं. दारापाशीची टाळून, भिंतीकडेनं, एकही आवाज न करता बाहेर पडले. भाची गाडी बघायला रस्त्यावर गेली, मी जिन्यात फरशांना टेकून बसले. पोटात कावळे, म्हणून गाठ सोडली. रात्रपाळीचा मुलगा वर येत होता. ओढणी पुढे केली, तोही पायरीवर बसला. घरच्यासारखेच आधी शेंगदाणे वेचले, मग मूठ भरली. रिकाम्या जिन्यात पोहे काय कुडकुडतात!

"श्श!" वरून कुणीतरी केलं.

आम्ही दोघं तोंड भरलेलं तसंच ठेवून, चावायचे थांबलो.