ताटली, शेकरू आणि पंचवीस अंश

मंडळी, मिळालं! शेकरूचा आवाज, अकरा सेकंद. त्यातले चार माझ्या बांगडीचे आहेत, ते सोडून द्या. उरलेले सात सेकंद मी कालपासून इतक्या वेळा ऐकलेत की घरातले आता हेडफोन लपवून ठेवायच्या बेतात आहेत.

मागच्या वेळी वैतागून लिहिलं होतं की लांबचा आवाज माइकवर गोळा करायला लावलेली ही ताटली भंगारात देते आणि पैसे साठवून शॉटगन माइक (नेम धरू त्याच दिशेचं ऐकणारा लांबट माइक) घेते. तो बेत रद्द.

शेकरूच्या आवाजासाठी केलेल्या फणसाड अभयारण्याच्या (रायगड जिल्ह्यातलं, मुरुडजवळचं) पहिल्या तीन फेऱ्यांचं रडगाणं तुम्ही ऐकलंच आहे. 60 सेंटिमीटरची जुनी डीटीएचची ताटली, दांड्याच्या टोकाचा एलएनबी (सिग्नल पकडणारा डबा) काढून त्याच जागी ताटलीकडे तोंड केलेली इलेक्ट्रेट कॅप्सूल (म्हणजे बोंडाएवढा सुटा माइक), पुढे झूमचा रेकॉर्डर. अंगणात हे प्रकरण झकास चालायचं. माडीच्या सज्जात फोनवर शिट्टी लावून ठेवायची, खाली स्टुलावर ताटली घराकडे तोंड करून उभी करायची, की शिट्टी थेट कानात. आणि जंगलात नेली की नुसती सिकाड्यांची (झाडांवर किरकिरणाऱ्या किड्यांची) किर्रर्र. समोरच्या फांदीवर शेकरू शेपूट झटकत ओरडतंय, उघड्या कानांना लख्ख ऐकू येतंय, आणि हेडफोनमध्ये मात्र ते लांब कुठेतरी, दार लावून बसल्यासारखं.

मी संशय घेतला नाही अशी एक वस्तू उरली नाही. आधी दमट हवा. मग केबल, ती बदलली. मग माइकवरची वाऱ्याची टोपी. भाचीच्या जुन्या अस्वलाची कातडी सोलून नवी शिवली (भाची अजून बोलत नाही). मग कॅप्सूल. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून ‘लो नॉइज’ म्हणून आणलेली नवी कॅप्सूल जुनीपेक्षा जास्त खसखसते, आणि दुकानदार म्हणतो ताई तुमचा रेकॉर्डर खराब आहे. यापुढे मी सुट्या कॅप्सूल दुकानातच लावून, ऐकून मगच घेणार. तुम्हीही घ्या.

तर परवा चौथी फेरी. पहाटे अलिबागहून निघून रेवदंड्याचा पूल ओलांडला, साळाववरून सुपेगाव गाठलं. नाक्यावर पावती केली आणि नेहमीच्या गाईडदादांबरोबर आत शिरले. मे महिन्याचा शेवट, त्यामुळे पाचोळा इतका वाळलेला की प्रत्येक पावलाला पापड मोडल्यासारखा आवाज. म्हणून यावेळी हिंडायचं नाही असं ठरवलं होतं. एका गाणीजवळ बसायचं आणि उठायचं नाही. (नव्यांसाठी: गाण म्हणजे इथल्या जंगलातली पाणवठ्याची जागा.) उन्हाळ्यात जनावर तिथे येतंच. जंजिऱ्याच्या नवाबाचं हे शिकारीचं रान, 1986 साली अभयारण्य झालं. नवाबाच्या माणसांनीही बहुतेक अशाच गाणीवर दबा धरला असेल, त्यांच्या हातात ताटली नव्हती एवढंच.

अंजनीच्या झाडोऱ्याला पाठ लावून बसलो. समोर ऐनाच्या शेंड्याला, पार बारीक फांद्यांच्या बेचक्यात, शेकरूचं पाल्याचं घरटं. आणखी दोन थोडी पलीकडे. एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधतं, त्यामुळे कुठल्या घरट्यावर नेम धरायचा हा जुगारच. साडेसातच्या सुमारास ते आलं, पण घरट्यातून नाही. गारंबीच्या वेलावरून सरकत आलं आणि फांदीवर आडवं झालं. वर सर्पगरुडाची शीळ झाली मात्र, याने तोंड उघडलं. मी ताटली रोखली. किर्रर्र. थोडी डावीकडे, किर्रर्र. उजवीकडे, तेच. हात भरून आले. शेवटी वैतागून ताटली मांडीवर टेकवली आणि पाण्याच्या बाटलीला हात घातला.

आणि हेडफोनमध्ये शेकरू कानाशी येऊन ओरडलं.

दचकून माझा हात हलला, बांगडी दांड्यावर वाजली, आवाज गेला. ताटली पुन्हा मांडीवर ठेवली, आवाज परत. ताटलीचं तोंड सरळ समोरच्या बुंध्याकडे, आणि ऐकू येतंय ते वरच्या फांदीवरचं! मी खुणेने दादांना दाखवलं. ते हसले आणि कुजबुजले, “ताई, ही ताटली बघते एकीकडं न् ऐकते वरचं. माझा पुतण्या घराघरांवर ह्याच बसवतो. उपग्रह ताटलीच्या नाकासमोर नसतो, बराच वर असतो.”

चार महिने, मंडळी. चार महिने!

डीटीएचची ताटली ऑफसेट असते. दांडा खालून येतो तो माइकची सावली पडू नये म्हणून, एवढं मला ठाऊक होतं. पण ती पूर्ण पॅराबोलाचा (आलेलं सगळं एका बिंदूत गोळा करणाऱ्या खोलगट आकाराचा) बाजूचा एक तुकडा असते, त्यामुळे तिची नजर तोंडापेक्षा साधारण पंचवीस अंश वर असते, हे डोक्यात शिरलंच नव्हतं. वीस मीटरवरच्या झाडाला पंचवीस अंश म्हणजे नऊ मीटर वर. मी शेकरूवर नेम धरून त्याच्या डोक्यावरचे सिकाडे रेकॉर्ड करत होते. आणि अंगणातली चाचणी? स्टूल आणि सज्जा यांच्यातला कोन योगायोगाने तेवढाच होता. माडीऐवजी ओटीवर फोन ठेवला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

घरी आल्यावर खात्री करून घेतली. ताटलीवर चॉकलेटच्या चांदीचे नखाएवढे तुकडे चिकटवले आणि सकाळी उन्हात भिंतीसारखी ताठ उभी केली. आठच्या सुमारास सूर्य पंचवीसेक अंशांवर आला तेव्हा सगळे कवडसे एकेक करून माइकच्या जागी गोळा झाले. बघत बसावं असं दृश्य. (करून बघाल तर तुकडे थोडेच लावा आणि माइक आधी काढून ठेवा, नाहीतर फोम वितळेल.)

काहींनी विचारलं होतं की रस्त्यावरच्या ट्रकची घरघर तरी का जात नाही. ती ताटली वाढवतही नाही, अडवतही नाही. 60 सेंटिमीटरच्या ताटलीचा फायदा साधारण 570 हर्ट्झच्या वरच सुरू होतो, आणि घरघर त्याहून खालच्या, जाड सुरातली. ती ऑडॅसिटीत (आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये) कापा आणि पुढे चला.

आता नेम कसा धरायचा? ताटलीच्या कडेला कोनमापक लावायचं ठरवलं होतं, पण हे लिहिता लिहिताच सुचलं: पपईच्या देठाची नळी! लहानपणी जिच्यातून साबणाचे फुगे काढायचो तीच. कडेला पंचवीस अंशांत बांधायची आणि आरपार बघायचं. चालली तर पुढे वायरिंगचा पाइप लावेन. आणि ताटली हातात धरायचीच नाही, तिपाईवर. बांगड्या घरी.

प्लेबॅक (रेकॉर्ड केलेली हाक) लावून शेकरूला बोलवा, असं ज्यांनी सुचवलं त्यांना पुन्हा तेच सांगते: मी लावणार नाही. त्याने गरुडासाठी ठेवलेली हाक आहे ती, माझ्या हौसेसाठी नाही.

दादांना मात्र क्लिप हवी होती, फोनच्या रिंगटोनला. अभयारण्यात फोन बंद ठेवायचा या अटीवर पाठवली. त्यांचं उत्तर आलं, “ताई, मधेच बांगडी वाजते ती काढा ना. घरातली विचारतेय कोणाची.”