चिंचोक्यांचा पोकर: रविवार चौदावा

थंडी वाढली तशी बैठक गच्चीवरून हॉलमध्ये आली. गंगापूर रोडवरचा मित्राचा फ्लॅट, सहा माणसं, प्रत्येकी 200 चिंचोके, ब्लाइंड (पानं बघण्याआधीच दोघांनी मधल्या ढिगात, म्हणजे पॉटमध्ये, टाकायचे चिंचोके) 1 आणि 2. पैसे अजिबात नाहीत. महिनाअखेरीला ज्याच्याकडे सगळ्यात कमी चिंचोके उरतील त्याने बाकीच्यांना मिसळ खाऊ घालायची, दही-पापडासकट. ऑक्टोबरचं बिल मी भरलं. तेव्हापासून ही वही.

आम्ही सगळे दिवाळीच्या तीन पत्तीवर वाढलेलो, त्यामुळे सुरुवातीला दर डावाला एकच भांडण: सिक्वेन्स मोठा की कलर? शेवटी एकदा कागद घेऊन मोजलं. तीन पानांत नुसते सिक्वेन्स 720 प्रकारे येतात, नुसते कलर 1,096. पाच पानांत उलटं होतं, स्ट्रेट (म्हणजे सिक्वेन्स) 10,200 आणि फ्लश (म्हणजे कलर) 5,108. जे कमी वेळा पडतं ते मोठं, म्हणून पोकरमध्ये फ्लश वर. मित्राचे मामा अजूनही कुरकुरतात, पण चिंचोके सरकवतात.

तीन पत्तीची दुसरी खोड मात्र जाता जात नाही: वाटलेल्या प्रत्येक डावात घुसायचं. आम्ही खेळतो ते होल्डेम पोकर: हातात फक्त दोन पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच उघडी. त्यात कुठलीही जोडी हातात येते सरासरी 17 डावांत एकदा, एक्क्यांची तर 221 डावांत एकदा. उरलेल्या वेळी बहुतेक कचराच असतो. मी आधी निम्म्या डावांत असायचो, आता पाचातल्या एखाद्या. डीलरच्या जागेवर असलो तर थोडा सैल, कारण पुढच्या फेऱ्यांत सगळे आधी बोलून मोकळे होतात. कंटाळा येतो, खरंय. शेंगा खूप खाल्ल्या जातात.

या महिन्यात लक्षात आलेली गोष्ट रेझच्या, म्हणजे बोली वाढवण्याच्या, आकाराची. आमच्याकडे 4 केले तर कोणी हलत नाही, पाचही जण कॉल, म्हणजे तेवढेच घालून डावात राहतात. एक्क्यांची जोडी एका कुठल्याही हाताविरुद्ध साधारण 85 टक्के वेळा जिंकते. पाच जण शेवटपर्यंत बसले तर जेमतेम 49. म्हणून आता चांगल्या पानांवर सरळ 8 किंवा 10. टेबलावर कुरकुर होते, दोघंतिघं पानं टाकतात, काम होतं.

आता कालचा डाव. लिहायची लाज वाटते, पण वही त्यासाठीच आहे.

मी डीलर, हातात इस्पिक राजा-राणी. 8 केले, मोठ्या ब्लाइंडवरून एकटे मामा आले. फ्लॉप, म्हणजे टेबलावरची पहिली तीन पानं: इस्पिक सत्ती, इस्पिक दुर्री, किलवर नव्वी. मी 10, मामा कॉल. चौकट पंजी पडली. मी 20, मामा कॉल, चहाचा घोट घेत. शेवटी बदाम तिर्री. इस्पिक आलंच नाही, राजा नाही, राणी नाही. पॉटमध्ये 77. मी छातीठोकपणे 50 लावले. मामांनी चष्मा वर केला, माझ्याकडे नाही, पानांकडे पाहिलं आणि 50 मोजून पुढे केले. नव्वी-अठ्ठी.

"मामा, एवढ्याला कॉल?"

"अरे, जोडी आहे ना माझ्याकडे. सोडू कशाला?"

88 चिंचोके गेले. फ्लॉपवरची बेट मला अजूनही बरोबर वाटते, चौथ्या पानावरचीही चालून गेली असती. शेवटचे 50 मात्र निव्वळ मूर्खपणा. जो माणूस जोडी सोडतच नाही, त्याला घाबरवायचं कशाने? त्याच्यासमोर खरा हात असेल तेव्हा मोठं लावायचं आणि नसेल तेव्हा चेक करून, म्हणजे काही न लावता, गप्प बसायचं. वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलंय: मामांना ब्लफ नाही.

पानं मोजायचा सराव मात्र जमतोय. चौथं पान उघडल्यावर फ्लशला एक पान कमी असेल तर न दिसलेल्या 46 पत्त्यांत आपली 9, म्हणजे जवळपास 20 टक्के. पॉटमध्ये 60 आहेत आणि समोरच्याने 15 लावले, तर 90 च्या पॉटसाठी मला 15 घालायचेत, सुमारे 17 टक्के, म्हणजे 20 पेक्षा कमी. कॉल. त्याने 60 लावले तर 180 साठी 60, म्हणजे 33 टक्के. पानं खाली. हे आता बोटं न मोडता होतं, फक्त मामा "लवकर रे" म्हणाले की गणित विस्कटतं.

शिल्लक: माझे 96, मामांच्या भाच्याचे 91. महिन्याचा एक रविवार बाकी आहे.