चिऊताईनं दार उघडल्यावर

मराठी घरातलं मूल अगदी लहानपणी जी गोष्ट ऐकतं, ती बंद दाराची असते. काऊचं शेणाचं घर पावसात वाहून जातं, तो चिऊच्या मेणाच्या घराशी येऊन ‘चिऊताई चिऊताई, दार उघड’ म्हणत राहतो, आणि चिऊला बाळाची आंघोळ, तीट, कपडे यातनं सवड मिळत नाही. तेच वाक्य पुन्हापुन्हा आणि उत्तरात थोडा बदल, हा बांधा चार-पाच वर्षांच्या पोरांना घट्ट धरून ठेवतो. गल्लीत नवीन राहायला आलेल्या मुलाची गोष्ट रचताना तोच घ्यावा. पण दार उघडल्यावर पुढे काय, हे आपल्याला रचावं लागतं, आणि तिथंच गोष्ट बिघडते.

बिघडते ती दयेनं. नवा मुलगा रडवेला, गल्लीतली पोरं त्याला खाऊ देतात, संपलं. ऐकणाऱ्याच्या मनात राहतं ते एवढंच, की नवीन आलेला म्हणजे बिचारा. गल्लीला जे येत नाही ते नव्याला येत असलं पाहिजे आणि अर्धी गोष्ट होण्याआधी ते दिसलं पाहिजे.

बेळगावात त्यासाठी दिवाळीचा किल्ला आयताच आहे. वडगावातली गल्ली, तीन पोरं, आणि वाळला की तडकणारा बुरूज. नुसती चिकण माती वाळताना आकसते म्हणून तडे जातात. तिच्यात थोडी वाळू आणि बारीक भुसा मळला की ती धरून राहते. खानापूरकडनं, कुंभाराच्या घरातनं नवीन आलेल्या, कन्नड बोलणाऱ्या बसूला हे ठाऊक आहे. पहिल्या दिवशी तो कट्ट्यावर बसून नुसता बघतो. दुसऱ्या दिवशी तड्यावर बोट ठेवून ‘मण्णु’, म्हणजे माती, म्हणतो, पोरं लक्ष देत नाहीत. बुरूज पुन्हा तडकतो. तिसऱ्या दिवशी तो घरनं ओंजळभर भुसा आणतो आणि न विचारता मातीत टाकतो. इथं एका पोराला राग येऊ द्या. ‘आमचा किल्ला हाय!’ हे वाक्य गोष्टीत हवंच, कारण ऐकणाऱ्यातल्या निम्म्यांच्या मनात तेच असतं. राग लगेच विरघळवू नका; सकाळी बुरूज न तडकता उभा दिसू दे, मग तोच पोरगा बसूकडे पाण्याचा तांब्या सरकवेल. माफीचं भाषण नको.

कन्नड शब्द तीनच ठेवा: बा (ये), नीरु (पाणी), मण्णु. पोरांना अर्थ सांगत बसू नका, हातानं बोलावून, तांब्या दाखवून, माती उचलून ते आपसूक कळतात. चौथा शब्द आला की लहान पोरं गोष्ट सोडून शब्दांच्या मागं लागतात. अक्का, अण्णा तर दोन्हीकडचेच, ते कितीही वापरा. बसूच्या अडखळत्या मराठीवर हशा मात्र कधीच काढू नका. सांगणाऱ्यानं एकदा तसा आवाज काढला की पोरं तो खेळताना काढतात, आणि ऐकणारं एखादं कन्नड घरातलं मूल पुन्हा तोंड उघडत नाही.

चार ते सहा वर्षांच्यांना पाच-सहा मिनिटं पुरतात, चारच पात्रं आणि मोठं माणूस एकही नाही. आजीनं येऊन समजावलं की भांडण पोरांच्या हातातनं जातं. सात-आठ वर्षांच्यांना दहा मिनिटं चालतात. त्यांच्यासाठी रागावलेल्या पोराच्या बाजूनं गोष्ट सांगून बघा, ती जास्त रुतते.

समोर खरोखरच नवीन आलेलं मूल बसलं असेल तर पात्राचं नाव, गाव, बापाचा धंदा यातलं काहीही त्याच्याशी जुळता कामा नये. आणि ही गोष्ट त्याच्या पहिल्या आठवड्यात नकोच, सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळतात.

शेवटी ‘काय शिकलात?’ विचारलं की पोरं पाठ केलेलं उत्तर देतात. त्यापेक्षा विचारा, कट्ट्यावर बसला होता तेव्हा बसू काय बघत होता? मग माती आणि भुसा पुढ्यात ठेवा, बुरूज करू दे.