राउटरची नोंद, भाग ६: एक्सचे चोरीला गेलेले मिलिमीटर

राउटर म्हणजे मी घरी बनवत असलेलं, कॉम्प्युटरच्या हुकमाने लाकूड कापणारं मशीन. मागच्या भागात मी जरा तोऱ्यातच लिहिलं होतं, की लोखंडाचं काम संपलं, आता नुसतं कापत सुटायचं. कापलं. नावाच्या पाट्या कापल्या, भाचीसाठी लाकडी कोडं कापलं. आणि दर तीन-चार कामांत एकदा, साधारण अर्धा तास उलटला की एक्स ॲक्सिस (मशीनची डावी-उजवी चाल) चोरपावलांनी बाजूला सरकायचा. मशीन थांबत नाही, आवाज बदलत नाही, स्क्रीनवरचे आकडे बरोबर. फक्त 'निवास'मधला 'स' साधारण पावणेदोन मिलिमीटर डावीकडे.

तीन आठवडे मी भलतीकडेच शोधत होते. नोकरी सॉफ्टवेअरची, त्यामुळे पहिला संशय सॉफ्टवेअरवर. जीआरबीएल या मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक्सचं ॲक्सिलरेशन, म्हणजे डॉलर-१२० ही सेटिंग, पाचशेवरून दोनशेवर आणलं. डॉलर-११०, म्हणजे कमाल वेग, तोही उतरवला. मशीनची बैलगाडी झाली, चोरी चालूच. मग मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या कपलिंगचे ग्रब स्क्रू आवळले, ड्रायव्हरवर (मोटरला करंट पुरवणाऱ्या डबीवर) पंखा बसवला, करंटचे डिप स्विच वरखाली करून पाहिले.

पुरावा खरं तर डायल गेजवर, म्हणजे बारीक सरक मोजणाऱ्या काट्याच्या मापकावर, होता. दर वेळी किती सरकलं ते मी वहीत लिहून ठेवत होते: १.६, १.८, २.१, ०.९. सगळे आकडे ०.१च्या पाढ्यातले. कपलिंग घसरत असतं तर कधी १.६७ही आलं असतं. स्टेपर, म्हणजे ठरावीक पावलांनी फिरणारी मोटर, पावलं चुकते ती चार पूर्ण पावलांच्या पटीत, कारण दर चार पावलांनी कॉइलचं चक्र पुन्हा पहिल्या जागी येतं. एका पावलाला १.८ अंश फिरणारी मोटर, चार पावलांचे ७.२ अंश, आणि माझा बॉलस्क्रू (मोटरने फिरणारा आट्यांचा दांडा) एका फेऱ्यात ५ मिमी सरकवतो. हिशेब करा, नेमका ०.१ मिमी येतो. म्हणजे यंत्रात काही सुटलेलं नव्हतं, मोटरच मधूनमधून करंटविना उपाशी राहत होती. हे गणित मला सुचलं ते सगळं उलगडून झाल्यावर, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवते.

चोर सापडला मामामुळे. मामाचं आयुष्य भोसरीत पॅनेल वायरिंग करण्यात गेलं. तो आला होता लग्नाची पत्रिका द्यायला. मशीनच्या वायरिंगच्या बॉक्सचं झाकण उघडं होतं, मेन बंद होती. त्याने स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नाही. चहा हातात घेऊन, दुसऱ्या हाताने एकेक वायर चिमटीत धरून हलकेच ओढत गेला. एक्सच्या ड्रायव्हरची बी-प्लस, म्हणजे मोटरच्या एका कॉइलकडे जाणारी वायर, त्याच्या चिमटीत निघून आली.

"काय गं हे? तारेला शिसं पाजून स्क्रूखाली घातलंस?"

मला त्या टोकांचा अभिमान होता हो! प्रत्येक टोकाला सोल्डर, पितळी भांड्याला कल्हई केल्यासारखं चकचकीत, एकही बारीक तार बाहेर नाही. पहिल्या भागात त्याचा जवळून काढलेला फोटोही मी टाकला होता, आणि तुमच्यातल्या चौघांनी कौतुक केलं होतं. आपण पाचही जण चुकलो.

बसवताना असं टोक खरंच घट्ट बसतं. गोची पुढे होते. ६३/३७ सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे निरपेक्ष शून्यापासून मोजलं तर ४५६ केल्विन. खोलीचे ३० अंश म्हणजे ३०३ केल्विन. नुसतं टेबलावर पडलेलं सोल्डरही वितळण्याच्या दोन तृतीयांश वाटेवर असतं. तांबं वितळतं १०८५ अंशांना, १३५८ केल्विनला, आणि त्याच खोलीत ते पाव वाटेवरही नसतं. धातू या वाटेवर निम्म्याच्या पुढे असला की सततच्या दाबाखाली हळूहळू पसरत जातो. स्क्रू आपल्या जागी, पण त्याखालचं सोल्डर सरकलेलं, म्हणजे दाब गेला. दाब गेला की रोध वाढला, रोध वाढला की ऊब, उबेने सोल्डर आणखी मऊ. मे महिन्यात बंद बॉक्सच्या आत ५० अंश सहज होतात, तेव्हा तर ते जास्तच चालतं. घरगुती उपकरणांच्या आयईसी ६०३३५ या मानकातही दाबाच्या जोडणीखाली येणाऱ्या तारा सोल्डरने एकत्र करायला मनाई आहे, अपवाद फक्त अशा जोडणीचा, जिच्या रचनेमुळे सोल्डर सरकलं तरी धोका नसतो. हा नियम मी वाचला नव्हता असं नाही. 'ते कारखान्यांसाठी' असं म्हणून सोडला होता.

दुसरी खोड अशी की सोल्डर केशाकर्षणाने इन्सुलेशनच्या आत चढतं. जिथे ते संपतं तिथे कडक वायर आणि लवचिक वायर यांची वेस तयार होते, आणि ड्रॅग चेनमधून (हलत्या वायरी सांभाळणाऱ्या साखळीतून) येणारी वायर हलली की बरोबर त्या वेशीवर तुटते. माझी अजून तुटली नव्हती, एवढंच.

ड्रायव्हर जिवंत राहिला हेही नशीब. चालू ड्रायव्हरवरून मोटरची वायर निघाली तर कॉइलमधला करंट एकदम तुटून व्होल्टेजचा जो झटका बसतो, त्यात ड्रायव्हर जाऊ शकतो.

मग वाय ॲक्सिसच्या वायरींची टोकं तपासली. ती मी आळसाने सोल्डर न करता नुसता पीळ देऊन घातली होती. ०.७५ स्क्वेअरची (चौरस मिमी छेदाची) वायर, म्हणजे ०.२ मिमीच्या २४ तारा. स्क्रू सैल करून टोक बाहेर काढलं तेव्हा अखंड उरल्या होत्या १७. स्क्रूचं टोक फिरता फिरता थेट तारांवर घासतं आणि सात तारांचा चुरा करतं. मशीन बनवताना आपण एकच वायर पंधरा-वीस वेळा काढतो-घालतो. दर वेळी दोन-चार तारा शहीद, मग टोक कापून पुन्हा सोलायचं, आणि एक दिवस वायर टर्मिनलपर्यंत पोचतच नाही.

दुसऱ्या दिवशी तपकीर गल्ली, पुण्याचा इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार.

नवख्यांसाठी इथे एक मोठा खड्डा आहे. इंटरनेटवर शिकून मी दुकानात "फेरूल द्या" म्हणाले. दुकानदाराने पिवळ्या प्लास्टिकच्या नळ्या समोर ठेवल्या, वर १, २, ३ छापलेल्या. आपल्याकडे पॅनेलच्या धंद्यात फेरूल म्हणजे वायरवर चढवायची नंबरपट्टी. मला हवी होती ती चीज म्हणजे 'पिन लग' किंवा 'एंड सील लग'. जर्मनीत तिला 'आडरएंडहुल्झं' म्हणतात, तारेच्या टोकाची नळी. हे नाव मला सगळ्यात प्रामाणिक वाटतं, कारण ती आहेच तेवढी: कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची पातळ नळी, एका टोकाला प्लास्टिकची गळपट्टी. यापुढे मी पिन लगच म्हणेन, नाहीतर तुम्हीही नंबर घेऊन घरी याल. (नंबरच्या नळ्याही मी घेतल्या. मामा म्हणाला, त्या नसलेलं पॅनेल म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट.)

पाकिटावरचा आकडा वाचता आला की निम्मं काम होतं. ई१५०८ म्हणजे १.५ स्क्वेअर आणि धातूची नळी ८ मिमी लांब. ई७५०८ म्हणजे ०.७५. रंगावर मात्र विसंबू नका. जर्मन मानक डीआयएन ४६२२८प्रमाणे ०.५ पांढरा, ०.७५ करडा, १ लाल, १.५ काळा, २.५ निळा. पण फ्रेंच पद्धतीत ०.७५ निळा आणि २.५ करडा, म्हणजे नेमके उलटे! माझ्याकडे आधीपासून पडलेल्या एका मिश्र डबीत दोन्ही पद्धतींची खिचडी होती. त्यातला निळा मी ०.७५च्या वायरला लावला, दाबला, चांगला दिसला, आणि ओढल्यावर टोपीसारखा हातात आला. ती डबी आता स्क्रू ठेवायला.

पक्कड हा या नोंदीतला सगळ्यात महागडा धडा. घरात लाल-निळ्या-पिवळ्या इन्सुलेटेड लगांची पक्कड होती, तिने पहिले वीस पिन लग दाबले. ते चपटे होतात, कडेने पसरतात आणि ५.०८ मिमी पिचच्या (शेजारच्या भोकांतलं अंतर) कनेक्टरच्या तोंडात शिरत नाहीत. कानस मारून शिरवायचाही प्रयत्न केला, तो तपशील सोडून देऊ. शेवटी चार जबड्यांची, आपोआप माप घेणारी रॅचेट पक्कड घेतली. तिच्यात चारही बाजूंनी सारखा दाब येऊन चौकोनी दांडी तयार होते. सहा जबड्यांची षट्कोनी पक्कडही मिळते, गोल भोकांसाठी ती बरी. माझ्या ड्रायव्हरचे कनेक्टर आतून चौकोनी भोकाचे, तिथे सपाट बाजू असलेला चौकोन छान बसतो. रॅचेट पूर्ण मिटल्याशिवाय सुटत नाही, आणि तिचा खरा उपयोग तोच: पन्नासाव्या लगाला हात दमला तरी दाब पहिल्याइतकाच.

कापून बघितलं, अर्थातच. एक दाबलेला लग आडवा कापून पॉलिश पेपरवर घासला आणि भिंगाखाली धरला. २४ गोल तारा आता गोल नव्हत्या, एकमेकींना चिकटून मधाच्या पोळ्यासारख्या बहुकोनी झाल्या होत्या, मधे फट जवळजवळ नाही. चुकीच्या पकडीच्या लगात निम्म्या तारा अजून गोलच, भोवती काळ्या पोकळ्या. एका दुपारी एवढं समाधान बस झालं.

हाताला लागलेल्या बारीकसारीक सवयी: ८ मिमीच्या नळीला १० मिमी सोलायचं, कारण दोनेक मिमी गळपट्टीच्या आत जातं. तारा नळीच्या तोंडाशी काठोकाठ, फार तर अर्धा मिमी बाहेर. सोलताना एक जरी तार कापली गेली तरी टोक छाटून पुन्हा. मी तारांना कचकचीत पीळ द्यायचे, मामाने हातावर चापट मारली: कारखान्यातून आलेला पीळ मोडू नको, सालाचा तुकडा सरळ ओढून काढ आणि लगेच लग चढव. आणि ज्या टोकाला आधी सोल्डर लागलंय तिथे लग मारायचा नाही, ते कापूनच टाकायचं. माझ्या सगळ्या वायरी त्यापायी दोन सेंटिमीटर आखूड झाल्या. सुदैवाने बॉक्समध्ये वळसा ठेवला होता.

ओढून बघण्याची चाचणी मात्र घरगुती आणि मजेची. टर्मिनलमधून वायर निसटू नये म्हणून आयईसी ६०९४७-१मध्ये ओढीचे आकडे आहेत: ०.७५ला ३० न्यूटन, १.५ला ४०, २.५ला ५०. तेलाचा ५ लिटरचा रिकामा कॅन घ्या. ३ लिटर पाणी भरलं की साधारण ३० न्यूटन, ४ लिटरला ४०. कनेक्टर व्हाइसमध्ये धरला, लग घालून स्क्रू ०.५ न्यूटन-मीटरला आवळला, वायरला कॅन टांगला, एक मिनिट मोजला. ०.७५चे दहाच्या दहा टिकले. मग हौस म्हणून जुनं सोल्डरचं टोक सैल स्क्रूसकट जसंच्या तसं लावून टांगलं. कॅन उचलायच्या आतच ते निघालं. नंतर फरशी पुसावी लागली.

प्रत्येक टोकाला लग हवाच असं मात्र नाही. एसएमपीएसची, म्हणजे पॉवर सप्लायची, पट्टी वेगळी असते: डोक्याच्या स्क्रूखाली चौकोनी वॉशर. तिथे पिन लग दाबला की एका रेषेवर टेकतो, म्हणून तिथे यू आकाराचा लग. एकेरी जाड तारेला काहीच लागत नाही, ती स्वतःच दांडी आहे. लिव्हरवाल्या स्प्रिंग कनेक्टरमध्ये उघडी मल्टीस्ट्रँड (अनेक बारीक तारांची) वायर थेट चालते. आणि एकाच भोकात दोन वायरी घालायच्या असतील, जशा माझ्या लिमिट स्विचच्या (चालीची हद्द ओळखणाऱ्या स्विचच्या) कॉमन वायरी होत्या, तर जुळा लग घ्या, रुंद गळपट्टीचा. दोन वेगळे लग एका भोकात कोंबले तर स्क्रू एकालाच धरतो, दुसरा नुसता शेजारी झोपलेला असतो. आणखी एक: कनेक्टरच्या डेटाशीटमध्ये उघड्या वायरचं माप आणि गळपट्टीच्या लगाचं माप कधीकधी वेगळं असतं, दुसरं लहान. खरेदीच्या आधी बघा.

आत्ताची स्थिती. एक्स, दोन्ही वाय आणि झेड मिळून चार ड्रायव्हर. प्रत्येकाला पॉवरची सहा आणि सिग्नलची चार टोकं, एकूण चाळीस लग मारून झाले, नंबरनळ्यांसकट. डॉलर-१२० परत पाचशेवर. काल साडेतीन तासांचं काम लावलं: एमडीएफच्या फळीवर शंभर खिसे (कोरलेले खळगे), दर दहा खिशांनंतर परत शून्यावर येऊन डायल गेजला टेकायचं. काटा एका घराच्या आत राहिला. त्यानंतर सगळे स्क्रू पुन्हा आवळून पाहिले, एकही हलला नाही.

राहिलंय ते स्पिंडलचं, म्हणजे कापणारं पातं फिरवणाऱ्या मोटरचं. तिचा वेग सांभाळणाऱ्या व्हीएफडीच्या आत २३० व्होल्टचे सरळ होऊन सव्वातीनशे व्होल्ट डीसी कपॅसिटरांत साठतात आणि मेन काढल्यावरही काही मिनिटं तिथेच असतात, त्यामुळे तिथे चहा हातात घेऊन चिमटीने ओढून बघणं नाही. त्या टर्मिनलसाठी अडीच स्क्वेअरचे १२ मिमी लांब नळीचे लग लागतील, माझ्याकडचे ८चे आत पोचत नाहीत. लग्न आटोपलं की मामा येतो म्हणालाय. तोवर स्पिंडलची केबल दिवाणाखाली गुंडाळून ठेवली आहे, टोकं सोल्डरसकट.