अण्णांच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यासाठी प्रिंटर

अण्णांच्या जुन्या संगणकाच्या पडद्यावर भरतीच्या तक्त्याचा मथळा यायचा, प्रतिपदेची ओळ यायची, द्वितीया अर्धी उमटायची आणि सगळं तिथंच थिजायचं. एस्केप दाबल्याशिवाय पुढं काही नाही.

मामा बोटीवर होता. त्यानं १९८५ साली इंग्लंडहून अण्णांसाठी बीबीसी मायक्रो हा संगणक आणला. ३२ केबी मेमरी, कॅसेटवर प्रोग्राम. अण्णा मालवणजवळच्या आचऱ्यात विज्ञान शिकवायचे. त्या सुमारास सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून काही शाळांना हाच संगणक मिळाला होता, आमच्या शाळेला नाही. मग अण्णा घरीच मुलांना बसवून बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायचे. त्यांनी स्वतःसाठी लिहिलेला पहिला प्रोग्राम भरतीचा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, हे किनाऱ्यावर सगळ्यांना पाठ असतं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अण्णांनी त्यात ओहोटी मिळवली आणि पंधरा तिथींचा तक्ता प्रिंटरवर काढला. तो कागद आमच्या पडवीत कित्येक वर्षं चिकटवलेला होता. पुढं कौलं गळली, कागद गेला, प्रिंटरही भंगारात गेला.

गेल्या वर्षी मी संगणक माळ्यावरून उतरवला. चालू केल्यावर दहा मिनिटांत पॉवर सप्लायमधून धूर आला. या यंत्रातल्या जुन्या कागदी कपॅसिटरना तडे जातात आणि ते दमट हवा ओढून घेतात, आमच्याकडे तर हवाच तशी. ते बदलले. कॅसेट तिसऱ्या खेपेला वाचली गेली. आणि मग ते थिजणं.

कारण अण्णांनीच सांगितलं. प्रोग्रामात ‘व्हीडीयू २’ ही आज्ञा आहे, म्हणजे पडद्यावर जाणारं प्रत्येक अक्षर प्रिंटरलाही जातं. प्रिंटरसाठी संगणक जेमतेम साठेक अक्षरांची जागा राखून ठेवतो. ती जागा भरली की प्रिंटर घेईपर्यंत वाट बघतो. प्रिंटरच नसेल तर वाट बघतच राहतो. ‘स्टार एफएक्स ५,०’ ही आज्ञा दिली की संगणक प्रिंटरची वाट बघत नाही आणि ही अडचण सुटते, तेही त्यांनीच सांगितलं. पण मला तक्ता कागदावरच हवा होता, आणि अण्णांनाही.

घरातला लेझर प्रिंटर उपयोगाचा नव्हता. त्याला पॅरलल पोर्ट, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या रुंद केबलची जागा, नाही, आणि नुसती अक्षरं पाठवून तो छापत नाही. एप्सनचा एलएक्स-३१० आजही नवा मिळतो आणि त्याला पॅरलल पोर्टही आहे. घाई असेल त्यानं सरळ तोच घ्यावा. मला मात्र त्या काळातलाच हवा होता. मालवणात दोन दुकानं फिरलो. एका पतसंस्थेत खोलीभर जुने डॉट मॅट्रिक्स, म्हणजे ठिपक्यांनी अक्षरं छापणारे प्रिंटर होते, पण ठराव झाल्याशिवाय देता येत नाही म्हणाले. ऑनलाइन एक मागवला, तो खोक्यात नीट न बांधल्यामुळे फ्रेम तुटून आला आणि विक्रेत्यानं पुढं फोन उचलला नाही. त्या पैशांचं मला अजून वाईट वाटतं.

शेवटी कणकवलीत सापडला. हायवेलगतच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसात, बिल्टीच्या गठ्ठ्यांखाली एप्सन एलएक्स-८००. मालक म्हणाले, “कितकी वर्षां हयच पडलो हा. न्हेवा तुमी.” पैसे घेईनात. पुढच्या हंगामात पेटी पोचवीन असं सांगून निघालो आणि प्रिंटर मांडीवर घेऊन एसटीनं घरी आणला.

खरं काम त्यानंतर. झाकण उघडलं तर आत मुंग्यांची माती, आणि छापणारं हेड ज्या दांड्यावरून सरकतं तो खाऱ्या हवेनं तांबूस झालेला. बोटानं ढकललं तरी हेड मध्यावर अडकायचं. अशा वेळी प्रिंटर चालू करू नये, मोटर जळू शकते. दांडा कापडानं पुसत गेलो, गंज निघाल्यावर शिलाई मशीनचं तेल अगदी बोट फिरवण्यापुरतं लावलं. मग हेड काढलं. त्यात एकाखाली एक नऊ पिना असतात, प्रत्येकीमागं एक छोटं विद्युतचुंबक. वाळलेल्या शाईनं खालून तिसरी पीन बसली होती, त्यामुळे सेल्फ टेस्टमध्ये प्रत्येक ओळीत एक बारीक पांढरी रेघ दिसायची. चिंधीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हेडचं तोंड त्यावर रात्रभर ठेवलं. सकाळी चिंधीवर काळा ठिपका होता आणि रेघ गेली होती.

रिबनचा प्रश्नच आला नाही. एलएक्स-३०० ची रिबन याला बसते आणि ती अजून सहज मिळते. केबल मात्र घरी केली. बीबीसीच्या पोटाखाली २६ पिनांचं सॉकेट आहे, प्रिंटरला ३६ पिनांचं. दोन्ही कनेक्टर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवले, चपट्या केबलची पहिली तार दोन्हीकडं पहिल्या पिनेला आणली आणि बाकावर दाबून बसवले. उरलेल्या दहा जागा रिकाम्या राहतात, त्यानं काही बिघडत नाही.

पहिला तक्ता छापला तो एकाच ओळीवर. पंधराही तिथी एकमेकींवर, नुसता काळा पट्टा. मी केबल सोडवायला घेतली तेव्हा अण्णा खुर्चीतून म्हणाले, “एफएक्स सहा, शून्य दे.” हा संगणक मुळात प्रिंटरला लाइन फीड, म्हणजे पुढच्या ओळीवर जायची खूण, पाठवतच नाही, प्रिंटरनं स्वतः कागद पुढं सरकवावा अशी त्याची अपेक्षा. ‘स्टार एफएक्स ६,०’ दिलं आणि पुन्हा रन केलं.

तो करकर आवाज घरभर गेला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. कडेला भोकं असलेला कागद एकेक ओळ वर सरकत होता, आणि पडद्यावर द्वितीया पूर्ण झाली, तृतीया आली, चतुर्थी आली.

अण्णांनी कागद फाडून चष्म्याजवळ धरला. वरपासून खालपर्यंत सगळ्या वेळा वाचल्या आणि पेन्सिल मागितली.

“ही बंदराची वेळ झाली,” ते म्हणाले. “आपल्या धक्क्यावर पाणी उशिरा चढतं. किती ते मोजायचं राहून गेलं होतं. उद्या पंचमी आहे ना?”

दुसऱ्या दिवशी पावणेचारला आम्ही दोघं कागद आणि घड्याळ घेऊन खाडीच्या धक्क्यावर उभे होतो.