जळताना वजन घटते की वाढते?

सुताच्या व्यवहारात धागा अस्सल सुती आहे की नाही, हे तो जाळून पाहतात. सुती धागा कागद जळल्यासारखा वास सोडत भुरुभुरु पेटतो आणि मागे चिमूटभर करडी राख ठेवतो. पॉलिस्टर मात्र आक्रसते, वितळते आणि त्याचा टणक मणी होतो. चादरी-टॉवेलांच्या आमच्या सोलापुरात ही परीक्षा नवी नाही. तीत वास पाहतात, ज्योत पाहतात; वजन मात्र कोणी करत नाही.

केले तर काय दिसेल? कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. १६२ ग्रॅम सेल्युलोज पूर्ण जळताना हवेतला १९२ ग्रॅम ऑक्सिजन घेते आणि त्यातून २६४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड व ९० ग्रॅम पाण्याची वाफ तयार होते. म्हणजे काटा जवळजवळ शून्यावर येतो, तेव्हा मूळ सुताच्या दुपटीहून जास्त वस्तुमान खोलीतल्या हवेत मिसळलेले असते.

लोखंडाचे याउलट. सुतार पॉलिशच्या कामात वापरतात ते बारीक स्टील वूल घ्यावे. भांड्यांची चकचकीत घासणी चालत नाही, कारण ती सहसा न गंजणाऱ्या स्टीलची असते. झुबका सैल करून चिमट्यात धरला आणि काडी लावली, की ज्योत अशी दिसतच नाही. तांबूस ठिणगी एका तारेवरून दुसरीवर पळत जाते आणि मागे निळसर-काळा, बोटांत चुरा होणारा गुंता उरतो. तो सराफी काट्यावर ठेवला तर वजन वाढलेले असते. हिशेबाने १६८ ग्रॅम लोखंडापासून २३२ ग्रॅम काळे ऑक्साइड मिळायला हवे. प्रत्यक्षात आतल्या तारा न जळता राहतात, काही कण उडून जातात, त्यामुळे वाढ बरीच कमी भरते. वजन गार झाल्यावरच करावे, कारण गरम वस्तूभोवती वर चढणारी हवा काट्याला फसवते.

जळताना पदार्थातून ‘फ्लॉजिस्टन’ नावाचे ज्वलनतत्त्व बाहेर पडते, असे अठराव्या शतकात मानत, आणि धातूंच्या या वाढलेल्या वजनापुढे ती कल्पना अडत असे. फ्लॉजिस्टनला उणे वजन असते, अशी पळवाटही काहींनी काढली होती! फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने १७७४ मध्ये कथील बंद पात्रात तापवले. एकूण वजन तसूभरही बदलले नाही; पात्र उघडल्यावर कथिलाने शोषलेल्या हवेच्या जागी बाहेरची हवा आत शिरली आणि तेव्हाच ते वाढले. माझ्या मते शाळेत समीकरणाआधी हे बंद पात्र शिकवायला हवे.

हाच हिशेब कोळशाला लावता येतो. १२ किलो कार्बनपासून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. त्यामुळे सोलापूरजवळच्या १३२० मेगावॅटच्या औष्णिक केंद्रात जळणाऱ्या कोळशातून राखेचे ढीग वेगळे काढले, तरी त्यातून धुरांड्यावाटे निघणारा कार्बन डायऑक्साइड वजनाला त्या कोळशापेक्षा जास्तच भरतो.