नाका आणि द्राक्षमळा

नेरूळमध्ये आमच्या घराकडून स्टेशनला जाताना मजुरांचा नाका लागतो. सकाळी आठला तिथे पाय ठेवायला जागा नसते. जालना, बीड, परभणीकडची माणसं. पिशवीतून थापी आणि ओळंबा डोकावतो तो गवंडी, हातात नुसता डबा तो बिगारी. ठेकेदाराची गाडी थांबली की सगळे भोवती जमतात. तो दंड बघतो, वय बघतो, चार बोटं दाखवतो आणि चौघांना घेऊन जातो. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची. तेव्हापासून या शहराच्या भिंती चढल्या त्या अशा बोटं दाखवून नेलेल्या माणसांच्या हातांनी. दहानंतर नाका ओसरतो. मग तिथे कोण उरतं? एखादा पिकल्या केसांचा म्हातारा, कडेवर मूल घेतलेली बाई, तापातून नुकता उठलेला पोरगा.

बायबलमध्ये, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात, येशूने सांगितलेल्या एका दाखल्यात असाच एक नाका आहे. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे बाजारात जाऊन मजूर ठरवतो, रोज एक दिनार. पुन्हा नऊला जातो, बाराला, तीनला आणि शेवटी पाचला, म्हणजे काम सुटायला जेमतेम तास उरलेला. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर एकेकच दिनार. दिवसभर उन्हात राबलेले कुरकुरणारच!

संडे स्कूलमध्ये याचा अर्थ ठरलेला असे: माणूस आयुष्याच्या अखेरीला देवाकडे वळला, तरी तारण, म्हणजे मुक्ती, तेवढीच. अर्थ खोटा नाही. पण त्यात ऊन नाही, भूक नाही, कामाची वाट बघणं तर नाहीच. धनी पाचच्या मजुरांना विचारतो, दिवसभर रिकामे का उभे आहात? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामावर लावलं नाही. नाक्यावरून जाणाऱ्याला या वाक्यात काही गूढ वाटत नाही. ते आळशी नव्हते. त्यांच्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं, एवढंच. दिनार म्हणजे त्या काळी मजुराची एका दिवसाची रोजी. तासावर हिशेब केला असता, तर पाचवाल्याला दिनाराचा बारावा हिस्सा मिळाला असता. तेवढ्यात त्याच्या घरी चूल पेटली असती का?

पैसे संध्याकाळीच दिले, यालाही कारण आहे. मजुराची मजुरी रात्रभर स्वतःकडे ठेवू नकोस, असं बायबलमधलं लेवीय हे पुस्तक सांगतं. ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात तर सूर्य मावळायच्या आत दे म्हटलंय, कारण तो गरीब आहे आणि त्याचा सगळा जीव त्या पैशात अडकलेला असतो. ‘शनिवारी एकदम घ्या’ म्हणणाऱ्या आपल्याकडच्या सभ्य घरांनी हे एकदा वाचावं. त्यात रविवारी उपासनेला न चुकता येणारी घरंही आली.

मला तर हा धनी थोडा खोडकरच वाटतो. कारभाऱ्याला म्हणतो, शेवटच्यांपासून वाटायला लाग. पहिल्यांना आधी पैसे देऊन वाटेला लावलं असतं, तर कुणाला काही कळलंही नसतं. पण त्यांनी ते बघावं, असाच त्याचा बेत दिसतो.

पावसाळ्याआधी बाथरूमच्या लाद्या बसवायला याच नाक्यावरून एक गवंडी आणला होता. वयाने मोठे, म्हणून मी त्यांना मामा म्हणायची. चहा पिताना त्यांना हा दाखला सांगितला. ख्रिस्ती नव्हते, त्यामुळे ठरलेला अर्थ त्यांच्या कानावर कधी पडला नव्हता. ऐकून झाल्यावर त्यांनी पहिला आक्षेप घेतला तो पाच वाजेपर्यंत थांबण्यालाच. “इतका वेळ कोण उभं राहतं ताई? घरी तोंड दाखवायची सोय नसेल, तोच.”

मग जरा विचार करून म्हणाले, “पण शेठ दुसऱ्या दिवशी फसला बघा. आता समदे पाचलाच येणार.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मत्तयानेही दुसऱ्या दिवसाचं काही लिहिलेलं नाही. मामा परत कामाला लागले. लादीवर थापीचा दांडा ठोकल्याचा आवाज येत होता. थोड्या वेळाने आतूनच म्हणाले, “नाही ताई, येतील सकाळी सहालाच. असा शेठ गावल्यावर नाक्यावर कशाला थांबायचं? अन्‌ पाचला गेलो आणि जागा भरलेली असली तर?”